उंदराला पार्किन्सन का होत नाही?
मुंबईतल्या पारशी वसाहतींत डॉ. नादिर भरुचा आणि सहकाऱ्यांनी केलेली पाहणी १९८८ मध्ये प्रसिद्ध झाली: लाखामागे सुमारे ३२८ जणांना पार्किन्सन. पण मेंदूतल्या पेशी का मरतात, हे पाहणी सांगू शकत नाही. १९९७ मध्ये अल्फा-सिन्यूक्लिन या प्रथिनाच्या जनुकातला ए५३टी हा बदल आनुवंशिक पार्किन्सनशी जोडला गेला आणि पुढे हा बदल असलेलं मानवी जनुक उंदरांत घातलं गेलं. त्या प्रथिनाच्या गुठळ्या झाल्या, हालचाली बिघडल्या. पार्किन्सनमध्ये मरतात त्या, डोपामिन बनवणाऱ्या पेशी मात्र बहुतांशी तगल्या.

मग असे उंदीर काय कामाचे, हा आक्षेप मला पटत नाही. उंदराच्या स्वतःच्या प्रथिनात त्या जागी हाच बदल मुळातच असतो, तरी त्याला पार्किन्सन होत नाही! म्हणजे नुसता बदल पुरत नाही. उंदरावर लागू पडलेलं औषध माणसाला चालेलच असं नाही, हे खरं. पण गुठळ्या होणं आणि पेशी मरणं या दोन वेगळ्या घटना आहेत, हे याच उंदरांनी दाखवलं.