विद्यार्थ्यांची नवी वस्तू आणि पद्धतीचा प्रश्न

आमच्या सभासदांची मुले हल्ली अभियांत्रिकी महाविद्यालयांत शिकतात, अखेरच्या वर्षी एखादी नवी वस्तू घडवितात आणि पुढे तिच्यासाठी भांडवल मागतात ते पेढीच्या गल्ल्यातून. प्रथम गरजांची यादी, मग अनेक पर्याय, मग गुणांचा तक्ता, आणि शेवटी नमुना, अशी आखीव पद्धत त्यांना शिकविली जाते. तिने वस्तू खरोखर सुधारते काय, हा प्रश्न म्हणूनच केवळ विद्वानांचा राहत नाही.

डेव्हिड जॅन्सन व स्टीव्हन स्मिथ यांनी १९९१ साली प्रसिद्ध केलेला एक प्रयोग येथे मननीय आहे. विद्यार्थ्यांस न सांडणारा कॉफीचा पेला रचावयास सांगितले होते. नळी व चोच वापरू नये, अशी ताकीदही दिली होती. काहींना मात्र आधी एक नमुना दाखविला, आणि त्यात नेमके हेच दोष होते. तो नमुना पाहिलेल्यांच्या आराखड्यांत ते दोष अधिक वेळा उतरले! शेजारच्या दुकानी खपणारा माल पाहून नवा माल काढणाऱ्यास याचे नवल वाटू नये. नमुन्याआधी गरजा लिहून काढण्याचा उपयोग येथे दिसतो.

परंतु यादी म्हणजे वस्तू नव्हे. सिंथिया ॲटमन व सहकाऱ्यांनी १९९९ साली पहिल्या व अखेरच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांचे काम पडताळले. अखेरच्या वर्षाच्यांनी अधिक माहिती मिळविली, अधिक पर्याय तपासले, एका पायरीवरून दुसरीवर अधिक वेळा ये-जा केली, आणि त्यांचे आराखडेही सरस ठरले. उलट, पहिल्या वर्षातील जे प्रश्नाची व्याख्या करण्यातच बराचसा वेळ घालवीत बसले, त्यांच्या हातून चांगला आराखडा निघाला नाही. पायऱ्या मागेपुढे चढावयाच्या असतात, हे तक्त्यात कोठे लिहिलेले नसते.

आमच्या एका किराणा व्यापारी सभासदाच्या चिरंजीवाने धान्य उचलतानाच वजन दाखविणारे माप योजिले. तक्ता निर्दोष होता. वडिलांनी पैसे नाकारले नाहीत. आठ दिवस दुकानात उभे राहावयास तेवढे सांगितले. तिसऱ्याच दिवशी मापाच्या सांध्यात बेसन अडकले, आणि आतील विजेच्या जोडणीमुळे ते धुताही येईना. "धुता यावे" ही गरज यादीत नव्हती. मुलाने ती आता पहिल्या ओळीत लिहिली आहे. साचा अद्याप करविलेला नाही.