बचत गट आणि कंपनीचा गट: सही करण्याआधी फरक ओळखा

गावात आणि वस्तीत आपल्या मायबहिणी दोन वेगळ्या गोष्टींना एकच नाव देतात: ‘गट’. आम्ही शिक्षक मंडळी हा शब्द पालकसभेत नेहमी ऐकतो. “सर, या आठवड्यात गटाचा हप्ता आहे, मुलीच्या वह्या पुढच्या आठवड्यात घेते.” दर आठवड्याला येणारा हा हप्ता बहुतेक वेळा बचत गटाचा नसतो, तो मायक्रोफायनान्स कंपनीचा असतो.

बचत गटात साधारण १० ते २० बायका दरमहा ठरलेली रक्कम जमवतात. त्यातूनच गरजेला एकमेकींना कर्ज देतात. व्याज लावले तरी ते गटाच्याच खात्यात राहते. १९९२ मध्ये नाबार्डने ५०० गट बँकांशी जोडण्याचा प्रयोग सुरू केला आणि गटांना तारणाशिवाय बँकेचे कर्ज मिळू लागले. महाराष्ट्रात ‘माविम’ आणि ‘उमेद’ हे काम करतात. ज्या घरांना व्याज नको आहे त्यांनीही लक्षात घ्यावे की आपसातल्या कर्जाचे नियम सभासदच ठरवतात. सगळ्या राजी असतील तर ते बिनव्याजी ठेवता येते.

कंपनीच्या गटात आधी कर्ज, मग हप्ते. तिथे गट असतो तो हमीसाठी. एकीचा हप्ता चुकला की बाकीच्यांवर दबाव येतो आणि शेजारणी-शेजारणींत भांडणे लागतात. छोटे गट करून गरीब बायकांना कर्ज देण्याची पद्धत बांगलादेशात मुहम्मद युनूस यांच्या ग्रामीण बँकेने गाजवली. त्यासाठी २००६ चा शांततेचा नोबेल दोघांना मिळाला. पण २०१० मध्ये आंध्र प्रदेशात एकेका घरावर तीन-चार कंपन्यांची कर्जे चढली, वसुलीचा जाच वाढला आणि शेवटी सरकारला अध्यादेश काढावा लागला.

व्याजाचा हिशोबही समजून घ्या. ३०,००० रुपये वर्षासाठी ‘फक्त १२ टक्क्यांनी’ घेतले आणि व्याज पूर्ण रकमेवर लावले, तर ३,६०० रुपये व्याज होते आणि महिन्याचा हप्ता २,८०० चा पडतो. पण मुद्दल तर दरमहा कमी होत जाते. म्हणून खरा दर २१ टक्क्यांच्या वर जातो. “व्याज घटत्या बाकीवर आहे का?” हे आधी विचारा.

रिझर्व्ह बँकेचे २०२२ चे नियम आपल्या बाजूने आहेत:

• घराच्या सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्यापेक्षा जास्त नसावेत.
• मायक्रोफायनान्स कर्जाला तारण मागता येत नाही. मुदतीआधी फेडले तर दंड नाही.
• व्याज आणि सगळे खर्च लिहिलेला कागद, तोही आपल्याला कळेल अशा भाषेत, मिळालाच पाहिजे.
• सकाळी ९ च्या आधी आणि संध्याकाळी ६ नंतर वसुलीसाठी फोन करता येत नाही. धमकी, शिवीगाळ चालत नाही.

तक्रार आधी कंपनीकडे लेखी द्या. ३० दिवसांत उत्तर आले नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते. माहितीसाठी त्यांचा १४४४८ हा नंबर आहे.

एक कर्ज फेडायला दुसरे घेणे, हा सगळ्यात मोठा धोका. तशी वेळ आलीच तर सही करण्याआधी घरात बोला, शिकलेल्या मुलीकडून कागद वाचून घ्या. आणि बचत गट नसेल तर ग्रामपंचायतीत ‘उमेद’च्या ताईंची चौकशी करा. दहा जणी जमल्या की सुरुवात होते.