जीजीप्लॉटची सवय पायथनमध्ये नेताना: पंचगंगेच्या पातळीचा आलेख

जुलै लागला की कोल्हापुरात सकाळी सगळ्यांचा एकच प्रश्न असतो: राजाराम बंधाऱ्यावर पातळी किती? ३९ फूट म्हणजे इशारा, ४३ फूट म्हणजे धोका. २०१९ आणि २०२१ मध्ये पंचगंगा ५५ फुटांच्याही वर गेली होती. आज हेच उदाहरण घेऊ, कारण पीएच.डी.ची तयारी करणारे बरेच जण एकाच ठिकाणी अडतात. एम.एस्सी.ला आर शिकलो, जीजीप्लॉट हातात बसलं, आणि आता गाईडकडे सगळं काम पायथनमध्ये चालतं. मग आलेख पुन्हा पहिल्यापासून शिकायचे का?

नाही. पण नेमकं काय बरोबर न्यायचं, हे आधी ठरवायला हवं.

पायथनच्या मॅटप्लॉटलिबमध्ये 'जीजीप्लॉट' नावाची एक तयार स्टाईल आहे. एक ओळ लिहिली की मागचा भाग करडा होतो, त्यावर पांढऱ्या रेघा येतात. दिसायला अगदी आरमधला आलेख! पण हा फक्त पोशाख झाला. जीजीप्लॉटची खरी ताकद त्याच्या व्याकरणात आहे. लेलंड विल्किन्सन यांनी १९९९ साली 'द ग्रामर ऑफ ग्राफिक्स' या पुस्तकात ते मांडलं, आणि हॅडली विकहॅम यांनी त्यावरून आरमध्ये जीजीप्लॉट२ उभं केलं.

व्याकरण म्हणजे काय? समजा, तुमच्या तक्त्यात तीन कॉलम आहेत: वर्ष, १ जूनपासूनचा दिवस आणि पातळी. व्याकरण सांगतं की आलेखाचा प्रकार आधी निवडू नका. आधी नातं सांगा: दिवस आडव्या अक्षावर, पातळी उभ्या अक्षावर, वर्ष रंगावर. मग थर चढवा: एक रेषेचा, एक ३९ आणि ४३ फुटांच्या आडव्या रेघांचा. हवं तर शेवटी प्रत्येक वर्षाची वेगळी चौकट करा. 'बार चार्ट काढू की लाईन?' असं विचारण्याऐवजी 'कुठला कॉलम कशावर बसतो?' असं विचारायची सवय लागते. ही सवयच न्यायची आहे.

पायथनमध्ये ती प्लॉटनाइन या पॅकेजमुळे नेता येते. हसन किबिरिगे यांनी ते लिहिलं. आतून चित्र मॅटप्लॉटलिबच काढतं, पण वाक्यरचना जीजीप्लॉटची आहे. अधिकच्या चिन्हाने थर जोडायचे, तेही तसंच.

तरीही भाषा बदलली की तीन गोष्टी बदलतात. पहिली, कॉलमची नावं. आरमध्ये ती मोकळी लिहितो, कारण आर फंक्शनला नाव जसंच्या तसं देऊ शकतं आणि त्याची किंमत नंतर शोधतं. पायथन किंमत आधी शोधायला जातं, आणि 'पातळी' नावाचं काही सापडलं नाही की एरर देतं. म्हणून नावं अवतरणात लिहायची. दुसरी, ओळ संपणं. आरमध्ये ओळीच्या शेवटी अधिक असलं की वाक्य पुढे चालू राहतं. पायथनमध्ये ओळ संपली की वाक्य संपलं, म्हणून अख्खा आलेख एका कंसात टाकायचा. तिसरी, टिंब. आरमध्ये नावातच टिंब चालतं, पायथनमध्ये त्याला वेगळा अर्थ आहे. म्हणून थीमच्या नावांत टिंबाच्या जागी अंडरस्कोर येतो.

या चुका बऱ्या, कारण एरर येतो आणि कळतं. भीती असते ती न बोलणाऱ्या चुकांची.

एक चूक दोन्हीकडे सारखीच आहे. वर्ष आकडा म्हणून ठेवलं तर रंगांची फिकट ते गडद अशी पट्टी येते, आणि सगळ्या वर्षांचे बिंदू एकाच करवतीसारख्या रेषेने जोडले जातात. वर्ष हा इथे गट आहे हे फॅक्टर करून सांगावं लागतं. प्लॉटनाइनमध्ये तेही अवतरणाच्या आतच लिहायचं.

दुसरी चूक जास्त फसवी आहे. कल तपासायला आपण स्मूथचा थर टाकतो आणि पद्धत लिहीतच नाही. जून ते सप्टेंबर १२२ दिवस. रोजची एक नोंद असेल तर दोन्हीकडे मूळ नियमाप्रमाणे लोएस पद्धत वापरली जाते आणि वळणदार रेषा मिळते. आता दर तासाची नोंद घ्या: एका वर्षाच्या २,९२८ झाल्या. हजाराचा आकडा ओलांडला की आरमधलं जीजीप्लॉट गॅम पद्धतीकडे वळतं, रेषा वळणदारच राहते. प्लॉटनाइन मात्र जीएलएमकडे वळतं आणि सरळ रेषा काढतं. तोच डेटा, जवळजवळ तेच वाक्य, पण पुराच्या डोंगरावरून सपाट रेघ! एरर नाही, काही नाही. हा आलेख प्रबंधात गेला तर व्हायवाला उत्तर तुम्हाला द्यायचं आहे, पॅकेजला नाही. म्हणून स्मूथ टाकलं की पद्धत स्वतः लिहा, आणि आलेखाखालच्या ओळीतही तिचं नाव द्या.

मराठी नावं देणाऱ्यांसाठी एक सूचना. मॅटप्लॉटलिबच्या बऱ्याच आवृत्त्यांत देवनागरी अक्षरं नीट जुळत नाहीत. फॉन्ट बरोबर असूनही 'दिनांक' मधली पहिली वेलांटी द च्या पुढे जाऊन बसते. अक्षांची नावं छापण्याआधी डोळ्यांनी वाचा.

आता करून बघा. आरमधला तुमचा एक जुना आलेख घ्या, तो प्लॉटनाइनमध्ये लिहा आणि दोन्ही चित्रं शेजारी ठेवा. रंग थोडे वेगळे दिसले तर सोडून द्या. रेषा वेगळी दिसली तर तिथेच थांबा आणि कारण सापडल्याशिवाय पुढे जाऊ नका.