भाता, शटर आणि रियाधचे ऊन

बंद असताना आग्फा इझोलेट हा कॅमेरा कोटाच्या खिशात मावतो. वरचे बारीक बटण दाबले की पुढचे झाकण उघडते, पोलादी पट्ट्या ताठ होतात, काळा भाता ताणला जातो आणि लेन्स आपल्या जागी येऊन थांबते. त्याला सेल लागत नाही. १९५० च्या दशकात म्युनिकच्या कारखान्यात बनलेले हे यंत्र आजही फक्त बोटांच्या जोरावर चालते.

एका दिवाळी अंकाच्या संपादकांनी रियाधच्या जुन्या बाजारांवर लेख मागितला होता, म्हणून मी सूक अल-झलमध्ये गेलो. मस्मक किल्ल्याच्या परिसरातला हा बाजार गालिचे, ऊद, बिश्त (अरबी झगे) आणि जुन्या वस्तूंसाठी ओळखला जातो. पितळी कॉफीदाण्या आणि बंद पडलेले रेडिओ यांच्यामध्ये एका काचेच्या कपाटात हे फोल्डिंग कॅमेरे मांडलेले दिसले. एक हातात घेऊन उघडला, आणि लेखाचा विषय तिथेच बदलला.

या देशात कॅमेरा बराच आधी आला. इजिप्तच्या सैन्यातले अभियंते मुहम्मद सादिक बे यांनी १८६१ मध्ये मदिनेची आणि १८८० मध्ये मक्केची छायाचित्रे घेतली. तो काचेच्या ओल्या प्लेटांचा काळ होता. प्लेट तयार करायची, ओली असतानाच वापरायची आणि वाळायच्या आत धुवायची. वाळवंटी हवेत हे त्यांनी कसे साधले असेल, याचे आश्चर्य आजही वाटते. १८८५ मध्ये डच अभ्यासक स्नूक हुरखरोन्ये मक्केत राहिले. त्यांच्या ओळखीतले तिथले वैद्य अब्द अल-गफ्फार यांनी कॅमेरा हाती घेतला आणि ते मक्केचे पहिले स्थानिक छायाचित्रकार ठरले. १९१० मध्ये कॅप्टन शेक्सपिअर या ब्रिटिश अधिकाऱ्याने कुवेतमध्ये अब्दुलअझीझ इब्न सौद यांचे छायाचित्र घेतले. पुढे तेच सौदी अरेबियाचे पहिले राजे झाले. १९४६ मध्ये विल्फ्रेड थेसिजर रुब अल-खालीचे वाळवंट ओलांडायला निघाले तेव्हा त्यांच्याजवळ छोटा लायका होता, आणि वाळूपासून वाचवण्यासाठी तो ते बकरीच्या कातड्याच्या पिशवीत ठेवत.

काचेच्या प्लेटांची पेटी आणि छोटा लायका यांच्यामध्ये फोल्डिंग कॅमेऱ्याची जागा आहे. कोडॅकने १९०१ मध्ये १२० नंबरचा रोल काढला आणि तो आजही बनतो. शतक उलटून गेलेल्या मापाचा रोल आज नवा कोरा मिळतो, म्हणूनच हा छंद शक्य आहे. इझोलेटमध्ये या रोलवर ६ बाय ६ सेंटीमीटरची १२ चित्रे येतात. नेहमीच्या ३५ मिलिमीटर फिल्मच्या साडेतीन पटींहून मोठी निगेटिव्ह मिळते, आणि तरी कॅमेरा खिशात राहतो. मराठी घरांना १२० चा रोल नवा नाही. बडोद्यात बनलेला आग्फा क्लिक थ्री कित्येकांच्या मुंजी, लग्ने आणि सहलींना हजर होता. पण क्लिक थ्री घ्यायचा आणि दाबायचा. इझोलेटमध्ये अंतर, अ‍ॅपर्चर, शटरचा वेग आणि शटर ताणणे ही सगळी कामे वेगवेगळी आहेत, आणि एकही काम यंत्र आपल्यासाठी करत नाही.

मी घेतलेल्या कॅमेऱ्याची फोकसची रिंग जागची हलत नव्हती. तो कॅमेरा घेऊन मी रियाधच्या बथा भागातल्या एका घड्याळदुरुस्तीच्या टपरीवर गेलो. तिथे बसणारे चाचा राजापूर तालुक्यातले. वय सत्तरीकडे झुकलेले, डोळ्याला भिंग, समोर पांढरे फडके, आणि त्यावर एकही पेच इकडचा तिकडे नाही. मी मराठीत बोलताच त्यांनी हातातले घड्याळ बाजूला ठेवले. कॅमेरा उघडला, रिंगला बोट लावले आणि लगेच काढून घेतले.

“भाऊ, याला जोर लावायचा नाही. जोर लावलात तर चुकीची रिंग फिरेल.”

त्या एका वाक्यात आग्फाच्या कॅमेऱ्यांचे सगळे दुखणे आले. या कॅमेऱ्यात फोकससाठी पूर्ण लेन्स पुढेमागे होत नाही. फक्त सर्वांत पुढची काच आपल्या आट्यांवर फिरते. त्या आट्यांत कारखान्याने हिरवट ग्रीस भरले होते. काही दशकांत ते गोंदासारखे घट्ट होते. पुढची काच मधल्या काचेच्या कड्याला चिकटून बसते. मग रिंग जोराने फिरवली की दोन्ही एकत्र फिरतात आणि मधले कडे शटरमधून सुटू लागते. वापरणाऱ्याला वाटते फोकस चालू झाला. प्रत्यक्षात लेन्सचा सगळा हिशेब बिघडलेला असतो आणि प्रत्येक चित्र धूसर येते.

चाचांनी रिंगच्या कडेचे तीन बारीक पेच सैल केले, रिंग उचलली आणि चिकटलेले कडे लायटरच्या पेट्रोलमध्ये बुडवून ठेवले. अधूनमधून केस वाळवायच्या यंत्राने ऊब दिली. घाई मुळीच नाही. त्यांच्या मते अशा कामात हातापेक्षा पेट्रोल जास्त काम करते. मी पुन्हा गेलो तेव्हा ते रबराच्या तुकड्यात कडे धरून अगदी थोडा पीळ देत होते. कडे सुटले तेव्हा त्यांच्या तोंडून फक्त “हं” एवढेच आले. मग लाकडी काडीने एकेक आटी साफ करणे, आटी कुठून सुरू होते तिथे सुईने खूण करणे, आणि नव्या ग्रीसचा नुसता पुसट हात.

खरी परीक्षा त्यानंतर होती. अनंत अंतराची खूण नव्याने बसवायची होती. आम्ही कॅमेरा घेऊन इमारतीच्या गच्चीवर गेलो. फिल्म जिथे बसते त्या रुळांवर चाचांनी दुधी काचेचा तुकडा ठेवला, शटर ‘बी’वर उघडे ठेवले आणि दूरचा फैसलिया टॉवर त्या काचेवर आणला. भिंगातून बघत ते पुढची काच केसभर फिरवत राहिले. टॉवरच्या कडा उलट्या प्रतिमेत धारदार झाल्यावर त्यांनी रिंग अनंताच्या खुणेवर धरली आणि तिन्ही पेच आवळले. घड्याळांत आयुष्य गेलेल्या माणसाच्या हातून हे काम होताना बघणे, हा मला रियाधमध्ये मिळालेला फार मोठा आनंद आहे.

शटरही त्यांनी ऐकून तपासले. एक सेकंद म्हणजे एक सेकंद भरला पाहिजे. आतली चाके सुकलेल्या तेलाने जड झाली की मंद वेग अडकतात. त्यांनी दोन गोष्टी बजावल्या. शटरच्या पात्यांना तेल लावायचे नाही, कारण पाती कोरडीच चालतात. आणि सेल्फ टायमरचा दांडा जुन्या शटरवर ओढायचाच नाही, कारण तो मध्ये अडकला तर सगळे शटर बंद पडते. लेन्सची काच मात्र स्वच्छ निघाली. कोकणच्या दमट हवेत कपाटातल्या लेन्सवर बुरशीची जाळी धरते. रियाधच्या कोरड्या हवेने या काचेला तेवढे वाचवले होते.

भात्याने त्या हवेची किंमत मोजलेली होती. पेटीच्या भात्याप्रमाणेच हा भाताही घडीच्या कोपऱ्यांवर आधी विरतो. अंधाऱ्या खोलीत आत छोटी टॉर्च ठेवली तेव्हा कोपऱ्यांत चांदण्या दिसल्या. त्या काळ्या रंगाने बुजवता येतात, पण तो तात्पुरता उपाय आहे. शेवटी भाता नवाच घालावा लागतो. जुना फोल्डिंग कॅमेरा घेणाऱ्याने पैसे देण्यापूर्वी ही टॉर्चची परीक्षा करावी. रिंग आणि शटर सुधारतात, विरलेला भाता सुधारत नाही.

फिल्म भरल्यावर लक्षात येते की हा कॅमेरा लपूनछपून वापरताच येत नाही. उघडा, शटर ताणा, अंतराचा अंदाज घ्या, मग बघा. सौदी अरेबियात हा संथपणा गुण ठरतो. सार्वजनिक जागी छायाचित्रे घेण्यावरची बंदी इथे २००६ मध्ये उठली. सरकारी आणि लष्करी जागा आजही वर्ज्य आहेत, आणि २०१९ च्या सार्वजनिक शिष्टाचाराच्या नियमांनुसार परवानगीशिवाय कुणाचे छायाचित्र घेणे दंडनीय आहे. मला हा नियम योग्य वाटतो. जेद्दाहच्या अल-बलदमध्ये, प्रवाळी दगडाच्या घरांखाली, मी कॅमेरा उघडला की लोक स्वतःच जवळ येतात आणि हे काय आहे म्हणून विचारतात. बोलणे होते, चहा येतो, मग परवानगी मागितली की बहुधा मिळते. १९५० च्या दशकातले यंत्र हातात असले की माणसाला आधी ओळख करून घ्यावीच लागते.

अंतराचा अंदाज कठीण नाही. इझोलेटवर एफ १६ ठेवून रिंग ७ मीटरवर आणली की साधारण साडेतीन मीटरपासून क्षितिजापर्यंत सगळे स्पष्ट येते. दिवसा या देशात प्रकाशाची कमतरता नसल्यामुळे एफ १६ सहज मिळतो. उलट प्रकाश जास्त होतो. उजळ वाळूवर १०० आयएसओ फिल्मसाठी एफ २२ आणि १/१०० सेकंद हा हिशेब बसतो. ४०० आयएसओची फिल्म घातली तर जुन्या शटरचा १/३०० हा सर्वांत वरचा वेगही अपुरा पडतो, आणि वय झालेले शटर तो वेगही पूर्ण गाठत नाही. म्हणून इथे १०० किंवा त्याहून कमी वेगाचीच फिल्म घ्यावी.

पाठीवरची लाल खिडकी हा दुसरा धोका. फिल्ममागच्या कागदावरचे आकडे तीतून दिसतात आणि ते पाहूनच रोल पुढे सरकवायचा असतो. अशा खिडक्या आल्या तेव्हाच्या फिल्मला लाल रंग दिसत नव्हता. आजच्या फिल्मला तो दिसतो. इथल्या दुपारी खिडकी उघडी राहिली तर कागदातूनही धूसरपणा शिरतो. त्यामुळे सावलीत उभे राहून, खिडकीवर हात धरून रोल फिरवायचा आणि आकडा दिसताच झाकण लावायचे. त्यातही क्रम पाळायचा. कॅमेरा आधी हळू उघडायचा, रोल नंतर फिरवायचा. झटक्याने उघडला तर भाता आत हवा ओढतो आणि फिल्म जागेवरून फुगते. तीच हवा बारीक धूळही आत नेते. वाऱ्याच्या दिवशी कॅमेरा मिटलेला बरा.

उन्हाळा आला की सगळ्याच अडचणी एकदम अंगावर येतात. जुलैत रियाधचे तापमान ४३ अंशांवर जाते. उन्हात उभ्या मोटारीच्या आत ते याहून कितीतरी वर चढते, आणि तिथे विसरलेला रोल खराब झालाच समजा. फिल्म फ्रीजमध्ये ठेवायची, पण काढल्यावर खोलीच्या तापमानाला आल्याशिवाय पुडके फोडायचे नाही. दम्माम, जुबैलच्या दमट किनाऱ्यावर तर लगेच दव धरते. फिल्म भारतातून किंवा दुबईतून आणावी, तर विमानतळांवरची नवी सीटी स्कॅन यंत्रे ती धुरकट करतात. हातात पिशवी देऊन, हाताने तपासा अशी विनंती करावी लागते, आणि ती मान्य होईलच असे नाही.

सर्वांत मोठी अडचण पाण्याची. कृष्णधवल फिल्म धुण्यासाठी रसायने २० अंशांवर हवीत. रियाधला येणारे बरेचसे पाणी जुबैलसारख्या किनाऱ्यावर समुद्रातून गोडे करून चारशेहून अधिक किलोमीटर नळांतून आणलेले असते. ते गच्चीवरच्या टाकीत साठते आणि तिथे तापते. उन्हाळ्याच्या दुपारी थंड पाण्याच्या नळाला हात लावला तरी चटका बसतो. इथे राहणारे लोक मग गीझर बंद ठेवतात, कारण घरातल्या सावलीत तो थोडे गार पाणी साठवतो. फिल्म धुण्यासाठी तेही गरमच. बर्फाची पिशवी बाहेरून लावायची, प्रत्येक रसायन एकाच तापमानाला आणायचे, शेवटची धुलाईही त्याच तापमानाच्या पाण्याने. एक पाणी गार आणि दुसरे गरम झाले तर निगेटिव्हच्या थरावर सुरकुत्या येतात. रंगीत फिल्मला मात्र सुमारे ३८ अंश हवे असतात. जूनमध्ये माझ्या नळाचे पाणी त्याच्या आसपास आपोआप येते, म्हणून उन्हाळ्यात मी रंगीत आणि हिवाळ्यात कृष्णधवल वापरतो.

म्हणून नवीन माणसाने नोव्हेंबर ते फेब्रुवारीत सुरुवात करावी. पहिल्या रोलवर सुंदर चित्रांची अपेक्षा ठेवू नये. एकच भिंत, एकच खजूर, वेगवेगळे अ‍ॅपर्चर आणि वेग, आणि प्रत्येक चित्राची वहीत नोंद. रोल धुतल्यावर कुठे प्रकाश शिरतो, कोणता वेग मंद आहे, अंतर कुठे चुकते, हे यंत्र स्वतःच सांगते.

या सगळ्या अडचणींवर उपाय आहे. ज्यावर माझ्याजवळ उपाय नाही ती गोष्ट एकच. चाचांचा इकामा (वास्तव्याचा परवाना) संपला की ते राजापूरला परततील. त्या टपरीत आधीच मोबाइलची कव्हरे टांगली जाऊ लागली आहेत. हिरवे ग्रीस, तीन पेच, सुईची खूण, दुधी काच हे सगळे त्यांच्या बोटांत आहे. त्यांना विचारून, त्यांच्यासमोर बसून मी ते पायरीपायरीने उतरवून घेतले आणि वर दिले आहे. तुमच्या घरात असा कॅमेरा असेल तर त्याची रिंग जोराने फिरवू नका. महिन्यातून एकदा तो उघडा, शटर प्रत्येक वेगावर चालवा, भाता टॉर्चने तपासा. आणि गावात घड्याळे दुरुस्त करणारे कुणी हात अजून काम करत असतील, तर कॅमेरा घेऊन याच वर्षी त्यांच्याकडे जा.