आडनाव काय म्हणालास?

मैत्रिणींनो, मुलगा शाळेतून आला की पूर्वी आपण विचारायचो, "डबा संपवलास का रे?" आता आणखी एक विचारायला हवं : "ग्रुपवर काय आलंय?"

केज तालुक्यातल्या मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांची ९ डिसेंबर २०२४ रोजी हत्या झाली. त्यानंतर मोबाईलवरून जातीजातींत जे विष कालवलं गेलं, ते बीडमधल्या मुलांच्या बाकापर्यंत आलं. आमच्या शेजारच्या वहिनींच्या दहावीतल्या मुलाने दुसऱ्या जातीला शिव्या देणारं स्टेटस ठेवलं. स्वतः लिहिलेलंही नव्हे, कुणाचं तरी पुढे ढकललेलं! दुसऱ्या दिवशी निम्मी मुलं व्हरांड्यात बसून राहिली, वर्गात येईनात. हेडमास्तरांनी मुलाच्या हाती दाखला दिला नाही, की प्रकरण दाबलंही नाही. दोन्हीकडच्या आयांना बोलावलं. (वडिलांना का नाही, हे तुम्हीच ओळखा!) मुलाने तिथेच, सगळ्यांसमोर माफी मागितली. वहिनी मात्र मला हळूच म्हणाल्या, "अहो, ते शब्द त्याने आमच्याच घरी, ताटावर बसून ऐकलेत."

कायदाही ठाऊक असू द्या. जातीजातींत वैर पसरवणारा मजकूर मोबाईलवरचा असला तरी भारतीय न्याय संहितेच्या कलम १९६ खाली तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

बीडचे पोलीस अधीक्षक नवनीत काँवत यांनी २०२५ मध्ये पोलिसांच्या टेबलांवरच्या पाट्यांवरून आडनावं काढली, नुसती नावं ठेवली. आमच्याकडे मात्र मुलाचा मित्र आला की सासूबाईंचा पहिला प्रश्न अजून तोच, "आडनाव काय म्हणालास?" मी मध्येच पोह्यांची बशी पुढे करते.