भाड्याचे घर विकताना

शिकवणीच्या मुलांना भाड्याने दिलेले लातूरचे घर विकावे आणि नांदेडास राहते घर घ्यावे, असा बेत पुष्कळांचा असतो. 'पण त्या घरात आपण राहिलोच नाही. मग करात सवलत कोठली?' अशी शंका आपण सर्वच जण काढतो.

या शंकेस मूळ आहे. १९६१ च्या आयकर कायद्याच्या कलम ५४ मध्ये, विक्रीपूर्वीची दोन वर्षे मालक किंवा त्याचे आईवडील त्या घरात राहिलेले असावेत, अशी अट होती. १९८२ च्या वित्त कायद्याने ती काढली. २०२६ पासूनच्या नव्या कायद्यातही ती नाही.

आज घर निवासी असावे व २४ महिन्यांहून अधिक काळ आपल्या मालकीचे असावे. दुसरे घर विक्रीपूर्वी एका वर्षात वा नंतर दोन वर्षांत घ्यावे, किंवा तीन वर्षांत बांधावे. नफा २० लाख आणि नवे घर १५ लाखांचे, तर कर उरलेल्या ५ लाखांवर. विवरणपत्राच्या मुदतीपर्यंत न खर्चलेला नफा बँकेच्या भांडवली नफा खात्यात ठेवावा. नवे घर तीन वर्षे विकू नये. एवढ्या तारखा आपण सांभाळल्या, तर भाडेकरूचा इतिहास आड येत नाही.