आरोग्याचे अर्थशास्त्र : अभ्यास आणि उपयोग

आरोग्य हीच खरी संपत्ती, हे वचन लहानपणापासून आपल्या कानांवर पडत आले आहे. तथापि आरोग्य राखण्यासाठीही संपत्ती लागते आणि ती कोणत्याही समाजाजवळ अमर्याद नसते, ही त्याची दुसरी बाजू सहसा विचारात घेतली जात नाही. समजा, एखाद्या जिल्ह्याला आरोग्यकार्यासाठी एक कोटी रुपये अधिक मिळाले. ते जिल्हा रुग्णालयातील शस्त्रक्रियागृहावर खर्च करावेत, रुग्णवाहिकांवर खर्च करावेत, की गावोगावच्या आरोग्यसेविकांच्या प्रशिक्षणावर? तिन्ही कामे चांगली आहेत. परंतु एकाची निवड केली की त्या रकमेपुरती उरलेली दोन मागे पडतात. मागे पडलेल्या कामामुळे ज्यांचे प्राण वाचले असते, ती माणसे मात्र कोणाच्याही दृष्टीस पडत नाहीत. त्यांचाही हिशेब मांडावयास शिकविणारे शास्त्र म्हणजे आरोग्य अर्थशास्त्र होय.

अर्थशास्त्र, वैद्यक, संख्याशास्त्र, औषधनिर्माणशास्त्र यांपैकी एखाद्या विषयाची पदवी घेतलेल्या अनेक तरुणांना या विषयाच्या पदव्युत्तर अभ्यासाची फारशी माहिती नसते. हे शास्त्र कोणत्या प्रश्नांची उकल करते, त्यासाठी कोणती साधने वापरते आणि त्याचा अभ्यास कोणी व कसा करावा, याचा परिचय येथे करून देण्याचा विचार आहे.

वेगळ्या शास्त्राची गरज

बाजारात धान्य घेणारा गिऱ्हाईक दाणा पारखून घेतो, चार दुकानांत भाव विचारतो आणि न पटल्यास परत फिरतो. रुग्णाला यातले काहीच करता येत नाही. आजार केव्हा येईल हे त्याला ठाऊक नसते. कोणता उपचार हवा हे त्याला कळत नसते. आणि उपचार झाल्यावरही त्यामुळेच गुण आला किंवा कसे, हे त्याला खात्रीने सांगता येत नाही. जो सल्ला देतो तोच सेवा पुरवितो आणि तिचे मोलही घेतो. अमेरिकी अर्थशास्त्रज्ञ केनेथ ॲरो यांनी १९६३ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात या अनिश्चिततेचे विवेचन केले आणि सामान्य बाजाराचे नियम वैद्यकीय सेवेला जसेच्या तसे का लागू पडत नाहीत हे दाखवून दिले. आधुनिक आरोग्य अर्थशास्त्राचा पाया या निबंधाने घातला असे मानले जाते. ॲरो यांना १९७२ साली अर्थशास्त्राच्या नोबेल पारितोषिकाचा मान मिळाला. त्याच वर्षी मायकेल ग्रॉसमन यांनी आरोग्य हे एक प्रकारचे भांडवल आहे, ते वयाबरोबर झिजते आणि आहार, शिक्षण, उपचार यांच्या साहाय्याने त्यात भर घालता येते, हा विचार मांडला.

आपल्याकडील एक उदाहरण घेऊ. २०१९-२१ या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशातील खाजगी रुग्णालयांत झालेल्या प्रसूतींपैकी ४७.४ टक्के शस्त्रक्रियेने झाल्या. शासकीय रुग्णालयांत हे प्रमाण १४.३ टक्के होते. एवढ्या आकड्यांवरून खाजगी डॉक्टर पैशासाठी अनावश्यक शस्त्रक्रिया करतात, असा निष्कर्ष कोणी काढील. परंतु या शास्त्राचा विद्यार्थी तेथे थांबत नाही. खाजगी रुग्णालयात जाणाऱ्या माता वयाने अधिक होत्या काय, त्यांच्या प्रसूतीत गुंतागुंत अधिक होती काय, त्यांनी स्वतःच शस्त्रक्रियेची मागणी केली काय, हे तो तपासतो. या कारणांचा वाटा वजा केल्यावरही जो फरक उरतो, त्यात आर्थिक प्रलोभनाचा भाग किती, हा त्याचा खरा प्रश्न असतो. अर्थमिती नावाची संख्याशास्त्रीय शाखा या कामी येते.

विम्याचा प्रश्नही असाच आहे. उपचार मोफत मिळू लागल्यास लोक त्यांचा वापर वाढवितात काय? अमेरिकेत १९७४ ते १९८२ या काळात रँड या संस्थेने या प्रश्नावर एक मोठा प्रयोग केला. कुटुंबांची विभागणी चिठ्ठ्या टाकाव्यात तशा यादृच्छिक पद्धतीने निरनिराळ्या विमायोजनांत करण्यात आली. ज्यांना खर्चाचा वाटा स्वतः उचलावा लागला त्यांनी उपचार कमी घेतले, हे अपेक्षितच होते. महत्त्वाची गोष्ट अशी की, त्यांनी अनावश्यक उपचारांबरोबर आवश्यक उपचारही कमी केले. शुल्क आकारले म्हणजे लोक विचारपूर्वक उपचार घेतात, या समजुतीला त्यामुळे मर्यादा पडल्या.

गडचिरोलीचा धडा

या शास्त्राची रीत समजून घेण्यासाठी महाराष्ट्रातच एक उत्तम उदाहरण उपलब्ध आहे. गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' या संस्थेने नवजात बालकांच्या मृत्यूंचा प्रश्न हाती घेतला. हजार जन्मांमागे सुमारे ६२ बालके जन्मानंतरच्या पहिल्या अठ्ठावीस दिवसांतच दगावत होती. रुग्णालये दूर आणि बाळंतपण घरीच, अशी तेथील परिस्थिती होती. गावातीलच स्त्रियांना प्रशिक्षण देऊन आरोग्यदूत म्हणून नेमण्यात आले. त्यांनी घरोघर जाऊन बाळाचे वजन घ्यावे, त्याला ऊब मिळते की नाही हे पाहावे, श्वास कोंडल्यास मदत करावी आणि जंतुसंसर्ग झाल्यास प्रतिजैविकही द्यावे, अशी योजना होती. ३९ गावांत ही सेवा देण्यात आली आणि ४७ गावे तुलनेसाठी ठेवण्यात आली. तिसऱ्या वर्षी, तुलनेच्या गावांशी ताडून पाहता, नवजात बालमृत्यूंचे प्रमाण सुमारे ६२ टक्क्यांनी कमी झाल्याचे आढळले. हे निष्कर्ष १९९९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले.

वैद्यकाच्या दृष्टीने येथे काम संपले. अर्थशास्त्राचे येथून सुरू होते. या सेवेचा खर्च एका बालकामागे ५.३ अमेरिकी डॉलर आला आणि सेवा मिळालेल्या दर १८ बालकांमागे एक मृत्यू टळला, असे त्या अभ्यासात नमूद केले आहे. या दोन आकड्यांचा गुणाकार केला की एक मृत्यू टाळण्यास सुमारे ९५ डॉलर लागले, असे उत्तर मिळते. आता ही योजना अन्य योजनांच्या शेजारी ठेवून पाहता येते. केवळ 'उपयुक्त' म्हणून कोणतीही योजना पुढे रेटता येते. परंतु 'एवढ्या खर्चात एवढे प्राण' असे म्हटले की तुलनेला आधार मिळतो. २०११ साली केंद्र शासनाने आशा कार्यकर्तीमार्फत घरोघरी नवजात बालकांची काळजी घेण्याचा कार्यक्रम देशभर स्वीकारला. त्याच्या मुळाशी गडचिरोलीचा हा अनुभव होता.

तथापि एवढ्यावर समाधान मानून चालत नाही. खर्च मोजला तो कोणाच्या दृष्टीने — संस्थेच्या, शासनाच्या की कुटुंबाच्या? आरोग्यदूताच्या वेळेचे मोल त्यात धरले काय? एका संस्थेच्या जवळच्या देखरेखीखाली जे साधले, ते लाखो कार्यकर्तींच्या यंत्रणेत त्याच खर्चात साधेल काय? असे प्रश्न विचारण्याची सवय लावणे, हा पदव्युत्तर शिक्षणाचा गाभा आहे.

न्यायाचा विचारही येथे उपस्थित होतो. रस्त्यालगतच्या मोठ्या गावात एका बालकापर्यंत पोहोचण्यास जो खर्च येतो, त्याहून कितीतरी अधिक खर्च जंगलातील दहा घरांच्या पाड्यावर येतो. केवळ स्वस्तात जास्तीत जास्त प्राण वाचविणे हेच सूत्र धरले, तर त्या पाड्याचा क्रम कधीच लागणार नाही. कार्यक्षमता आणि समता यांच्यातील ही ओढाताण गणिताने सुटत नाही. तिचे उत्तर समाजाने द्यावयाचे असते. समतेसाठी किती किंमत मोजावी लागते, एवढे अर्थशास्त्राने स्वच्छपणे सांगावयाचे असते.

मोजमापाची साधने

सर्वच उपचार प्राण वाचवीत नाहीत. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया दृष्टी देते, सांध्याची शस्त्रक्रिया वेदना दूर करते. अशा भिन्न लाभांची तुलना करण्यासाठी 'गुणवत्ता-समायोजित जीवनवर्ष' हे माप वापरतात. पूर्ण आरोग्याच्या एका वर्षाला १ आणि मृत्यूला ० धरून मधल्या अवस्थांना अपूर्णांक दिले जातात. एखादा रुग्ण ०.६ मोलाच्या अवस्थेत दहा वर्षे जगणार असेल तर ती ६ वर्षे होतात. उपचाराने ती अवस्था ०.८ झाली तर ८ वर्षे होतात. म्हणजे २ वर्षांचा लाभ झाला. उपचारास एक लाख रुपये लागले असतील, तर एका वर्षाचा लाभ पन्नास हजारांना पडला. जागतिक बँकेच्या १९९३ च्या जागतिक विकास अहवालाने रोगांचा भार मोजण्यासाठी 'अपंगत्व-समायोजित जीवनवर्ष' हे याच जातीचे माप प्रचारात आणले.

काळाचाही हिशेब करावा लागतो. आजचा लाभ आणि वीस वर्षांनंतरचा लाभ यांचे मोल सारखे धरले जात नाही. वर्षाला ३ टक्के या दराने वीस वर्षांनंतरच्या शंभर रुपयांचे आजचे मूल्य सुमारे ५५ रुपये ठरते. हा दर थोडा वाढविला तरी प्रतिबंधक योजनांचे पारडे हलके होते. उदाहरणार्थ, यकृतदाहाच्या 'ब' प्रकारावरील लस बालपणी दिली जाते, तर यकृताच्या कर्करोगापासून तिने दिलेले संरक्षण कित्येक दशकांनी दिसून येते. म्हणून कोष्टकाच्या तळाशी बारीक अक्षरांत दिलेला दर प्रथम वाचावा, असे विद्यार्थ्यांना शिकविले जाते.

कुटुंबाच्या खिशावरील भार

आरोग्यावरील खर्च अखेर कोण करतो, हा या शास्त्राचा दुसरा मोठा विषय होय. महाराष्ट्रात या प्रश्नाचा अभ्यास पूर्वीच सुरू झाला. मुंबईच्या 'फाउंडेशन फॉर रिसर्च इन कम्युनिटी हेल्थ' या संस्थेने जळगाव जिल्ह्यातील कुटुंबांच्या औषधोपचारावरील खर्चाची पाहणी करून तिचा अहवाल १९८९ साली प्रसिद्ध केला. आता देशाचे राष्ट्रीय आरोग्य लेखे नियमितपणे तयार होतात. त्यांनुसार एकूण आरोग्यखर्चात कुटुंबांनी स्वतःच्या खिशातून केलेल्या खर्चाचा वाटा २०१३-१४ साली ६४.२ टक्के होता. तो २०२१-२२ साली ३९.४ टक्क्यांवर आला. याच काळात शासकीय आरोग्यखर्चाचे देशाच्या सकल उत्पन्नाशी प्रमाण १.१५ टक्क्यांवरून १.८४ टक्क्यांवर गेले. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने २०२५ पर्यंत २.५ टक्क्यांचे लक्ष्य ठेवले होते.

खिशातील खर्चाचा वाटा घटला ही समाधानाची बाब आहे. परंतु लोकांचा भार खरोखर हलका झाला, की काहींनी खर्चाच्या भीतीने उपचारच टाळले, हे पाहावे लागते. कारण जो दवाखान्यात गेलाच नाही त्याचा खर्च शून्य नोंदला जातो.

राज्यात २०१२ साली आठ जिल्ह्यांत राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना सुरू झाली, २०१३ मध्ये ती राज्यभर लागू झाली आणि पुढे २०१७ साली तिला महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना हे नाव मिळाले. केंद्राची प्रधानमंत्री जन आरोग्य योजना सप्टेंबर २०१८ मध्ये सुरू झाली. राज्यातील सर्व कुटुंबांना योजना लागू करण्याचा आणि संरक्षणाची मर्यादा वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंत नेण्याचा निर्णय राज्य शासनाने २०२३ साली घेतला. अशा योजनांचा मुख्य भर रुग्णालयातील उपचारांवर असतो. मधुमेह किंवा रक्तदाब यांच्या रोजच्या गोळ्यांचा खर्च मात्र महिन्यामागून महिने चालू राहतो. त्याची सोय कशी करावी, रुग्णालयांना प्रत्येक उपचाराचे किती मोल द्यावे, ते कमी दिल्यास रुग्ण नाकारले जातील काय आणि जास्त दिल्यास गरजेविना शस्त्रक्रिया वाढतील काय, या प्रश्नांना अभ्यासकांची गरज आहे.

अभ्यासक्रमाचे स्वरूप

आपल्याकडील पदव्युत्तर अभ्यासक्रम बहुधा दोन वर्षांचा, तर ब्रिटनमधील सामान्यतः एक वर्षाचा असतो. यॉर्क विद्यापीठ हे या विषयाचे एक जुने व मान्यवर केंद्र असून तेथील आरोग्य अर्थशास्त्र केंद्राची स्थापना १९८३ साली झाली. भारतात या विषयाकडे दोन वाटांनी जाता येते. अर्थशास्त्राचे पदव्युत्तर शिक्षण घेऊन आरोग्य हे विशेष क्षेत्र निवडता येते, किंवा सार्वजनिक आरोग्याच्या अभ्यासक्रमातून अर्थशास्त्राकडे वळता येते. पुण्याची गोखले अर्थशास्त्र संस्था, मुंबईतील देवनार येथील आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था व टाटा सामाजिक विज्ञान संस्था या आपल्या राज्यातील संस्थांनी या विषयांच्या अध्यापनाची व संशोधनाची परंपरा जोपासली आहे. प्रवेशाच्या अटी वेळोवेळी बदलतात. त्या संबंधित संस्थेकडूनच जाणून घ्याव्यात.

सूक्ष्म अर्थशास्त्र, जीवसांख्यिकी, रोगप्रसारशास्त्र, अर्थमिती, आरोग्ययोजनांचे आर्थिक मूल्यमापन आणि आरोग्यसेवेचा वित्तपुरवठा हे साधारणतः अध्ययनाचे मुख्य विषय असतात. अखेरीस प्रबंध लिहावा लागतो. अर्थशास्त्राच्या पदवीधराला रोगांची भाषा नवी वाटते, तर डॉक्टरला समीकरणांची धास्ती वाटते. दोघांनीही प्रवेशापूर्वी सहा महिने आपली कच्ची बाजू पक्की करावी, हे उत्तम. प्रबंधासाठी साधनसामग्रीची वाण नाही. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या आरोग्यविषयक फेऱ्यांची, विशेषतः २०१७-१८ च्या ७५ व्या फेरीची, कुटुंबनिहाय माहिती अभ्यासकांना उपलब्ध आहे. तथापि पाहणीच्या आकड्यांबरोबर विद्यार्थ्याने एखाद्या प्राथमिक आरोग्य केंद्रात काही दिवस घालवावेत. औषधांचा साठा संपल्यावर रुग्णाला बाहेरून औषध आणण्यास सांगितले जाते, तेव्हा तो खर्च शासनाच्या वहीत उमटत नाही; तो रुग्णाच्या घरच्या हिशेबात उमटतो. ही गोष्ट तेथे बसल्यावाचून नीट कळत नाही.

कार्याची क्षेत्रे

केंद्र शासनाच्या आरोग्य संशोधन विभागाने २०१७ साली आरोग्य तंत्रज्ञान मूल्यमापनाची स्वतंत्र यंत्रणा उभारली. नवे औषध, उपकरण वा तपासणी शासकीय सेवेत आणण्यापूर्वी तिच्या खर्चाची व लाभाची छाननी करणे, हे तिचे काम. याखेरीज राज्यांचे आरोग्य विभाग, विमायोजना राबविणाऱ्या यंत्रणा, संशोधन संस्था, औषध उद्योग आणि आंतरराष्ट्रीय संघटना येथेही अशा अभ्यासकांना वाव आहे. औषध कंपनीसाठी तिच्याच औषधाचे मूल्यमापन करणाऱ्याने कोणाच्या पैशातून हा अभ्यास झाला, हे स्पष्टपणे सांगावे, हा या व्यवसायाचा पहिला संकेत आहे.

महाराष्ट्रात सर्व सोयींनी युक्त रुग्णालयांची महानगरे आहेत आणि पावसाळ्यात वाट बंद होणारे पाडेही आहेत. या दोहोंमध्ये निधीची वाटणी करणाऱ्या अधिकाऱ्यांपुढे व लोकप्रतिनिधींपुढे दरवर्षी तोच कठीण प्रश्न उभा राहतो. त्यांच्या हाती पारखलेला हिशेब देणारे अभ्यासक जिल्ह्याजिल्ह्यांत निर्माण झाले, तर निर्णय अधिक डोळसपणे घेता येतील. आपल्या गावच्या आरोग्य केंद्राची वाट ज्यांना ठाऊक आहे, अशा ग्रामीण भागातील पदवीधरांनी या अभ्यासाकडे अवश्य वळावे.